डॉक्टर नाही, डॉक्टरांच्या शेजारची

भुसावळ,
धुळवडीनंतरचा रविवार

तीर्थरूप आप्पा आणि आई यांस साष्टांग नमस्कार.

परवा चोपड्याच्या मामींचा फोन आला. फोन उचलल्या उचलल्या म्हणाल्या, "काय वं डाक्टरीणबाई!" मग कळलं की आप्पांनी पारावर सांगून टाकलंय, धाकटी भुसावळला दातांची डॉक्टर होतेय म्हणून. अडावदच्या बाजारात तर कोणीतरी मामांना विचारलंही म्हणे, "तुमनी भाची डाक्टर व्हयनी म्हंतस, कवळी स्वस्तात व्हई का?"

आप्पा, तुमचं कौतुक मला कळतं. पण हे आत्ताच थांबवा. नाहीतर आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी येईन आणि ओट्यावर गाल धरून बसलेल्यांची रांग असेल. फोनवर तुम्ही नुसतं "हो हो" म्हणता आणि आईला नीट ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. दादाच्या मुलीला मोठ्याने वाचायला सांगा, अक्षर तिला लागतं.

मी शिकतेय ते डेंटल असिस्टंटचं, दंत सहायकाचं. डॉक्टर व्हायला बारावीनंतर ‘नीट’ नावाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, मग बीडीएसची, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीची, पाच वर्षं, त्यातलं एक इंटर्नशिपचं. दात साफ करणाऱ्या हायजिनिस्टचासुद्धा दोन वर्षांचा अभ्यास असतो. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने नोंदणी ठेवली ती तिघांची: डेंटिस्ट, हायजिनिस्ट आणि कवळ्या-कॅप बनवणारे मेकॅनिक. सहायकाचं नाव त्या यादीत नाही. मी दात काढायचा नाही, भुलीची सुई द्यायची नाही, कीड कोरायची नाही. मशीनने दातांवरचा थर काढणंही माझं काम नाही. दाढ दुखतेय म्हणून कोणी गोळी विचारली तरी मी फक्त मॅडमकडे, म्हणजे आमच्या डॉक्टरांकडे, बोट दाखवायचं. तेव्हा पारावर सांगायचंच असेल तर एवढंच सांगा, की डॉक्टर काम करतात तेव्हा शेजारी बसलेली असते ती आमची पोरगी.

आईला हे शेजारी बसणंच पटत नाहीये, ते मला माहीत आहे. "लोकेसना तोंडमा हात घालस का वं माय," असं ती दिवाळीत म्हणाली होती आणि मी हसण्यावारी नेलं होतं. आज सांगते, आई. हात घालतात मॅडम. माझ्या एका हातात तोंडातलं पाणी ओढणारी सक्शनची नळी असते आणि दुसरा हात ट्रेवर. मॅडम उजव्या हाताने काम करतात, म्हणून आमच्या जागा घड्याळावर ठरलेल्या आहेत. पेशंटचं डोकं बारावर धर. मॅडम सात ते बाराच्या मध्ये फिरणार, मी दोन ते चारच्या मध्ये बसणार, आणि हत्याराची देवाणघेवाण चार ते सातमध्ये, म्हणजे पेशंटच्या हनुवटीखाली. डोळ्यांवरून कधीच नाही. वरून टोकदार काही गेलं की धीट माणूससुद्धा खुर्चीचे हात घट्ट धरतो. माझं स्टूल मॅडमपेक्षा थोडं उंच असतं, मला वरून आतपर्यंत दिसावं म्हणून. चांगला दिवस असला की मॅडमना काही मागावंच लागत नाही. त्या हात पुढे करतात आणि हवं ते हत्यार हव्या त्या बाजूने त्यांच्या बोटांत येतं. हे जमायला मला बरेच महिने लागले, आणि खरं सांगायचं तर मला याचाच जास्त अभिमान वाटतो, कागदाचा नंतर.

दातांना आकडे असतात, हे तुम्हाला गंमत वाटेल. तोंडाचे चार भाग, प्रत्येक भागात आठ दात. मॅडमनी "सेहेचाळीस" म्हटलं की खालची उजवीकडची पहिली मोठी दाढ. उजवी म्हणजे पेशंटची, समोरून बघणाऱ्या माझी नव्हे. दुधाच्या दातांचे आकडे एक्कावन्नपासून पुढे. हे सगळं मी भाकरी थापताना पाठ केलं. धाकट्याला आता माझ्यापेक्षा पक्कं येतं; तो शाळेत मित्रांच्या दातांचे नंबर सांगत फिरतो.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो धुण्यात आणि निर्जंतुक करण्यात, आणि पेशंटला नेमकं तेच दिसत नाही. हत्यारं आधी जाड मोजे घालून धुवायची, कोरडी करायची, पाकिटात घालायची आणि मग ऑटोक्लेव्हमध्ये. आई, ऑटोक्लेव्ह म्हणजे तुझा कुकरच समज, फक्त हट्टी. १२१ अंशांवर पाकिटातली हत्यारं अर्धा तास, किंवा १३४ अंशांवर काही मिनिटं. पाकिटं दाबून कोंबली तर वाफ आत पोहोचत नाही, आणि ओली बाहेर काढली तर सगळं फुकट. पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलतो, पण त्यावरून एवढंच कळतं की पाकीट तापलं. जंतू खरंच मेले का, हे बघायला वेगळी चाचणी असते. तीत मुद्दाम सहजासहजी न मरणारे जंतू आत ठेवतात आणि ते मेले का ते तपासतात. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, ग्लोव्हज आणि नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात, ज्यातून टोक बाहेर येत नाही. आणि सुईची काळजी करू नका, हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस माझे झालेत. पहिला, मग महिन्याने, मग सहाव्या महिन्यात.

काही गोष्टी मात्र पुस्तकात नाहीत, कारण पुस्तक लिहिणाऱ्याने भुसावळचा मे महिना बघितलेला नसावा. कवळीसाठी तोंडाचं माप घेतात ती पावडर पाण्यात कालवून ट्रेमध्ये भरायची असते. पाणी जितकं गरम तितकी ती लवकर घट्ट होते. आपल्याकडे उन्हाळ्यात टाकीचं पाणी हाताला चटका देतं. गेल्या वर्षी ट्रे तोंडापर्यंत नेईस्तोवर वाटीतच दगड व्हायचा. आता एप्रिलपासून मापाच्या पाण्याची बाटली फ्रीजमध्ये असते, आणि तिला कोणी प्यायला हात लावला तर मी भांडते. घेतलेलं मापही तसंच ठेवता येत नाही. वाळलं की आकसतं, मग कवळी बसत नाही. म्हणून ओल्या कापडात गुंडाळून लगेच प्लॅस्टर ओतायचं. वीज जायची वेळ सोडून पेशंटना बोलवायचं, हेही माझ्याकडेच.

आप्पा, तुमचा प्रश्न होता, घरी बसून मोबाईलवर हे कसं शिकणार? प्रश्न बरोबर आहे. नुसतं घरी बसून येणारच नाही. पुस्तकं आणि व्हिडिओ घरी, मुलं झोपल्यावर. दातांची रचना, जंतू, औषधांची नावं, एक्स-रेच्या वेळी किती लांब उभं राहायचं, हे सगळं वाचून येतं, आणि संसार सांभाळून शिकायचं तर दुसरा रस्ताही नव्हता. हात मात्र क्लिनिकमध्येच घडतो. माझ्या वहीत रोजच्या कामाची नोंद असते आणि मॅडम सही करतात. नीट जमलं नाही त्या दिवशी करत नाहीत. शेवटची परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. क्लिनिकचं तोंडही न बघता "घरबसल्या दंत सहायक व्हा" म्हणणाऱ्या जाहिराती मलाही आल्या होत्या. त्यात पैसे घालायचे नाहीत, हे मी वहिनीच्या भाचीलाही सांगितलंय, तुम्हीही तिला सांगा.

वहिनींची बहीण न्यू जर्सीला आहे ना, तिने तिकडचं सांगितलं. तिथे डेंटल असिस्टिंग नॅशनल बोर्डाची परीक्षा असते, तीन भागांची. एक खुर्चीशेजारच्या कामाचा, एक एक्स-रेच्या सुरक्षिततेचा, एक जंतुसंसर्ग रोखण्याचा. मान्यताप्राप्त कॉलेज न करता कामातून शिकलेल्यांना त्यातल्या खुर्चीशेजारच्या कामाच्या भागाला बसायचं तर आधी ३५०० तासांचं काम दाखवावं लागतं. माझा कागद तिकडे चालणार नाही आणि मला जायचंही नाही. पण पुस्तक कुठूनही वाचा, तास खुर्चीशेजारीच भरावे लागतात, हे तिकडेही तसंच आहे.

पगार वाढेल, फार नाही. यांनी विचारलं तेव्हाही मी तेच सांगितलं. पण मला आता रिसेप्शनवर नुसती नावं लिहीत बसायचं नाही.

आता आई, तुझं. तू चिडशील, पण ऐक. मिश्री सोड. तव्यावर भाजली, काळी झाली, तरी ती तंबाखूच आहे. दात साफ होतात म्हणून तू सकाळी लावत असशील; दुपारी आणि झोपताना लावतेस ती तलफेने. आमच्याकडे येणाऱ्या तुझ्या वयाच्या बायकांचे ओठ मॅडम उलटून बघतात, हिरडीजवळ, जिथे बोट फिरतं तिथे. पुसून न जाणारा पांढरा डाग असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर मॅडम पुढे तपासायला पाठवतात. दुखत नाही म्हणून बायका येत नाहीत. न दुखणारंच आधी दाखवायचं असतं. तुझ्या डाव्या गालाच्या आत खरखरीत लागतं असं तू मागे म्हणाली होतीस. ते मी विसरलेली नाही.

आणि आप्पा, तुमची सुपारी. आरशासमोर उभे राहा, आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून बघा. जात नसतील तर मला लगेच फोन करा. सुपारीने गाल आतून आखडतात, तोंड उघडायचं कमी होत जातं, आणि सवयीने माणसाला ते कळतही नाही. गुटखा २०१२ पासून राज्यात बंद आहे, पण सुपारी कोण बंद करणार? खालची कवळी रात्री काढून पाण्यात ठेवत जा. घालून झोपलात की खालची हिरडी सोलते.

आखाजीच्या आधी माझी परीक्षा आहे, म्हणून दादाला मुऱ्हाळी म्हणून मला न्यायला लवकर पाठवू नका, मी सणाच्या आदल्या दिवशी माझी मीच येईन. पण त्याआधी तुम्ही दोघं इकडे या. मॅडमना मी विचारून ठेवलंय. रविवारी क्लिनिक बंद असतं. शनिवारी गर्दी असते, तेव्हा मधला वार धरा. यावलवरून येणारी सकाळची एसटी धरलीत तर दहापर्यंत पोहोचाल. आप्पांच्या साखरेच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या पाकिटासकट आणा, चिठ्ठी नको, चिठ्ठीवर नावं नीट नसतात. दात काढायचा म्हणून मनाने कुठलीही गोळी बंद करू नका, ते मॅडम ठरवतील. नाश्ता करून निघा, उपाशी येऊ नका. आणि आई, त्या दिवशी तरी मिश्रीची डबी घरी ठेवून ये.

तुमची
धाकटी