सत्तर वर्षांची मुदत

सदर, नागपूर

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुमच्या मंडळीतला पोरगा इथं नागपूरच्या मिहान उद्योग-क्षेत्रात नोकरीला येतोय आणि त्याच्या निरोपाच्या प्रार्थनासभेत तू यिर्मया २९:११ वर बोलणार आहेस, हे कळलं. "तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते तुम्हांला आशा देणारे आहेत" असं देव म्हणतो, ते वचन चांगलंच निवडलंस. पण हे वचन नव्या वर्षाच्या कार्डांवर, मोबाइलवरच्या फुलांच्या चित्रांवर नेहमी एकटंच येतं. एकटं आलं की "लवकरच सगळं मनासारखं होईल" एवढाच अर्थ उरतो. यिर्मया संदेष्ट्याचं तर त्याच वाक्याशी भांडण होतं.

टिपणं काढण्याआधी २७, २८ आणि २९ हे तीन अध्याय एका बैठकीत, मोठ्यानं वाच. एकूण ७१ वचनं, वीसेक मिनिटं पुरतील. मधले ठळक मथळे छापणाऱ्यांनी घातलेत, त्यांच्याकडे बघू नकोस. अध्यायांचे आकडेही तेराव्या शतकातले. मार्क १२ च्या शेवटची, मंदिरात आपलं होतं नव्हतं ते दान टाकणारी गरीब विधवा घे. तिच्या आधी शास्त्री विधवांची घरं गिळतात, आणि नंतर लगेच मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही असं येशू म्हणतो. पण मध्ये १३ चा आकडा पडलाय, म्हणून आपण दानाचा उपदेश करून मोकळे होतो.

आता यिर्मया. २८ व्या अध्यायात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत बाबेलचं जू, म्हणजे बाबेलच्या राजाची सत्ता, मोडेल, नेलेली माणसं परत येतील. लोकांना हवं होतं तेच. २९ वा अध्याय म्हणजे इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलला धरून नेलेल्या यहुद्यांना यिर्मयानं यरुशलेमेहून धाडलेलं पत्र. घरं बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्नं करा, असं त्यात आहे. दहाव्या वचनात मुदत येते: ७० वर्षं. जरा हिशेब कर. विशीत नेलेला माणूस तेव्हा नव्वदीचा. पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांची माती बाबेलातच होणार होती, आणि अकरावं वचन त्याच माणसांना, लगेच पुढच्या ओळीत सांगितलंय. आशा खरी आहे, पण नातवंडांच्या हाती पडणारी. सहा महिन्यांत प्रमोशन मिळेल म्हणून जो हे वचन वाचतो, तो बिचारा यिर्मयाचं नाव घेऊन हनन्याचं ऐकतो.

शिवाय तिथं "तुम्ही" आहे. आपल्या मराठी बायबलात देव एकट्याशी बोलताना "तू" म्हणतो, म्हणून "तुम्ही" दिसलं की ते आदरार्थी समजू नकोस, समोर अनेक जण आहेत. लूक २२:३१-३२ ताडून बघ. सैतानानं "तुम्हांला" चाळायला मागितलंय, म्हणजे सगळ्या शिष्यांना, आणि येशूनं विनंती केलीय ती "तुझ्यासाठी", एकट्या शिमोनासाठी, म्हणजे पेत्रासाठी. इंग्रजीत हा फरक सहज निसटतो, आपल्याला फुकटात मिळतो.

कोण बोलतंय तेही दरवेळी बघ. ईयोब ८:७, सुरुवात थोडकी आणि शेवट भरभराटीचा, हे घरांच्या भिंतींवर चौकटीत लावलेलं असतं. बोलणारा आहे बिल्दद, दुःखात बुडालेल्या ईयोबाला उपदेश करायला आलेल्या मित्रांपैकी एक. आणि ४२:७ मध्ये देव स्वतः म्हणतो की ईयोबाच्या मित्रांनी माझ्याविषयी यथार्थ भाषण केलं नाही. चौकट लावणारानं ४२ वा अध्याय गाठलेला नसतो, दुसरं काय!

फक्त दुसऱ्या टोकाला जाऊ नकोस. "हे बाबेलातल्या यहुद्यांना लिहिलंय, आपला काय संबंध" असं म्हटलंस तर सभेतली माणसं हिरमुसून घरी जातील, आणि तेही वाचन अर्धवटच. आधी त्यांना काय सांगितलं ते नीट मांड, मग त्यातलं आपल्यालाही लागू काय ते शोध.

मला विचारशील तर त्या पोरासाठी अकराव्याहून सातवं वचन जवळचं आहे: ज्या नगरात तुम्हांला नेलं त्याच्या हितासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचं हित. दहा मिनिटं मिळाली तर सात त्यावर घाल, उरलेल्या तिनात ७० वर्षं आणि मग अकरावं वचन. आणि इथलं ऊन त्याला झेपेपर्यंत भर दुपारी खोली बघत फिरू नको म्हणावं, माझ्याकडे उतर.

तुझा मित्र