बाय, मागच्या छोट्या शब्दाकडे बघ

स्विंडन, इंग्लंड

चि. बाय हिला आत्याचे अनेक आशीर्वाद. दादा-वहिनींना नमस्कार.

पत्र मुद्दाम बांद्याच्या पत्त्यावर घातलं आहे. सुट्टीला तू म्हापशाहून घरी गेलीस की सगळ्यांसमोर वाच. इंग्रजीतले फ्रेजल व्हर्ब्ज, म्हणजे मागे छोटा शब्द जोडलेली क्रियापदं, लक्षात कशी ठेवायची, हे तू फोनवर विचारलंस. त्याचं उत्तर घाईत देण्यासारखं नव्हतं.

कळंगुटच्या हॉटेलात रिसेप्शनवर लागलीस, याचा मला फार आनंद आहे. ऑक्टोबरात सीझन सुरू झाला की इंग्लंडची मंडळी काउंटरवर येतील, त्यांचं बोलणं कळावं म्हणून तू फ्रेजल व्हर्ब्जचं जाडजूड पुस्तक आणून पानंच्या पानं पाठ करते आहेस. ते पाठांतर थांबव. आधी गिव्हची यादी, मग गेटची, मग पुटची असं करत गेलीस तर सगळ्याची सरमिसळ होईल आणि ऐन वेळी काहीच आठवणार नाही. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं, पुट आउट म्हणजे विझवणं, पुट अप म्हणजे कुणाला मुक्कामाला ठेवून घेणं, पुट अप विथ म्हणजे सहन करणं. चारही ठिकाणी क्रियापद तेच आहे. अर्थ फिरवतो तो मागचा छोटा शब्द, म्हणून कान तिथे लावायचा.

मी हे केअर होममध्ये शिकले. सकाळी पाळी बदलताना रात्रीची नर्स एकेका आजी-आजोबांचं सांगत जाते. 'शी हॅज गॉन ऑफ हर फूड', म्हणजे अन्नावरची वासना उडाली आहे. 'शी पर्क्ड अप आफ्टर हर टी', म्हणजे चहा पोटात गेल्यावर जरा तरतरी आली. आणि दोन वाक्यं अशी आहेत की ती ऐकताना मी हातातलं काम सोडते: 'पास्ड आउट' आणि 'पास्ड अवे'. आपल्याकडे मुलं सर्रास म्हणतात, मी अमुक साली कॉलेजातून पास आउट झालो. इथे पास आउट म्हणजे भोवळ येऊन शुद्ध हरपणं (लष्कराची पासिंग आउट परेड तेवढी वेगळी). पास अवे म्हणजे देवाघरी जाणं. रात्री दोन वाजता आजींच्या मुलाला फोन लावणाऱ्याने आउटच्या जागी अवे म्हटलं तर त्या मुलाची काय अवस्था होईल, तूच विचार कर. म्हणून मी या शब्दांना किरकोळ मानत नाही, तूही मानू नकोस.

आता तुझ्या काउंटरवर येते. समज, एका सकाळी तीन खोल्यांतून फोन आले. एक म्हणतो, 'द पॉवर हॅज गॉन ऑफ.' दुसरी म्हणते, 'द स्मोक अलार्म हॅज गॉन ऑफ.' तिसरा म्हणतो, 'द मिल्क हॅज गॉन ऑफ.' पहिल्याकडे वीज गेली आहे, इलेक्ट्रिशियन पाठव. दुसरीकडे अलार्म बंद पडलेला नाही, तो कोकलतो आहे, तिथे आधी माणूस धावत जायला हवा. तिसऱ्याकडे दूध नासलं आहे. ऑफच्या मुळाशी सुटणं, दूर होणं आहे. वीज तुटते, दूध चांगल्या स्थितीतून निघून जातं, आणि अलार्म बंदुकीच्या बारासारखा सुटतो. हे धागे मनात धरलेस की अनोळखी वाक्याचाही अंदाज बांधता येतो. सगळ्याच ठिकाणी धागा सापडतो असं मात्र नाही. हाउसकीपिंगच्या मुलींना विचार, संध्याकाळी पलंग आवरून, चादर दुमडून ठेवतात त्याला 'टर्नडाउन' म्हणतात. टीव्हीचा आवाज कमी करणं हेही टर्न डाउन, आणि विनंती नाकारणं हेही टर्न डाउन. इथे पुढचं-मागचं ऐकूनच ठरवावं लागतं.

हे आपल्याला परकं वाटतं, पण मराठीत आपण असं काहीतरी दिवसभर करतो. 'खा' आणि 'खाऊन टाक' यांतला फरक तुला कुणी शिकवला होता का? 'टाक'मध्ये टाकण्याचा अर्थ उरतच नाही, काम पुरतं उरकण्याचा तेवढा येतो. 'ईट अप', 'ड्रिंक अप', 'यूज अप' यांतला अप हेच करतो, तिथे वर जाण्याचा काही संबंध नाही. 'राइट डाउन' म्हणजे लिहून घे. आपण दुसरं क्रियापद जोडतो, इंग्रज छोटा शब्द जोडतो. प्रत्येक ठिकाणी अशी जोडी जुळत नाही, पण हे कळल्यावर माझी भीती गेली.

तुला अवघड जातं यात नवल नाही. सॅम्युएल जॉन्सन यांचा इंग्रजी कोश 1755 साली निघाला. परक्यांना सर्वांत जास्त अडचण येते ती क्रियापदाला जोडलेल्या अशा शब्दांची, हे त्यांनी प्रस्तावनेतच लिहून ठेवलं आहे. आपल्याला शाळेत मिळालं ते पुस्तकी इंग्रजी: पोस्टपोन, टॉलरेट, इन्व्हेस्टिगेट. हे लॅटिनकडून आलेले शब्द अर्जात, ईमेलमध्ये शोभतात. घरात, बाजारात माणसं पुट ऑफ, पुट अप विथ, लुक इन्टूच म्हणतात. पाहुणा तक्रार घेऊन आला तर 'आय विल इन्व्हेस्टिगेट' म्हणू नकोस, त्याला पोलीस चौकीत आल्यासारखं वाटेल. 'आय विल लुक इन्टू इट' म्हण आणि खरोखरच लक्ष घाल.

दोन गोष्टी पुस्तकात असतात, पण आपण त्यावरून नजर फिरवून पुढे जातो. पहिली, 'इट', 'अस', 'हिम' हे कुठे बसतात. 'पिक अप द गेस्ट्स' आणि 'पिक द गेस्ट्स अप' दोन्ही चालतात. पण मोपा विमानतळावरून पाहुण्याचा फोन आला तर तो 'पिक अस अप'च म्हणेल, 'पिक अप अस' कधीच नाही. उलट 'लुक फॉर इट'मध्ये इट शेवटीच राहतो, त्याला मध्ये घालता येत नाही. 'पुट अप विथ इट'लाही मध्ये काही खपत नाही. दुसरी गोष्ट जोराची. 'वी आर चेकिंग आउट' म्हणताना जोर आउटवर पडतो. 'चेकआउट इज ॲट इलेव्हन' म्हणताना तोच जोर चेकवर येतो. मराठीत आपण असा जोर फारसा बदलत नाही, त्यामुळे कान मुद्दाम तयार करावा लागतो.

आणि एक, 'कोप अप विथ' म्हणायची आपल्याकडे जुनी सवय आहे. तिथे अप नको, नुसतं 'कोप विथ', म्हणजे निभावून नेणं.

वही कर, पण यादीची नको. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं लिही, आणि पाहुण्याला नेमकं काय हवं होतं ते खाली मराठीत. पानं क्रियापदाप्रमाणे पाडू नकोस. ऑफचं एक पान, अपचं एक, आउटचं एक. अपचं पान लवकर भरेल, त्याला जास्त जागा ठेव. किचनमधल्या पोरांनाही सांग, पाहुणे त्यांच्याशी जास्त मोकळं बोलतात. पहिलं पान भरलं की फोटो काढून पाठव, मी माझ्या पाळीतली वाक्यं तुला पाठवीन.

वहिनी, कुळथाचं पीठ संपत आलं आहे. गावातलं कुणी इकडे यायला निघालं तर थोडं द्या. दादा, गुडघ्याचं दुखणं अंगावर काढू नकोस, डॉक्टरला दाखव.

आणि बाय, उद्या एखादा पाहुणा म्हणाला, 'द शॉवर इज प्लेइंग अप', तर तू कुणाला वर पाठवशील ते पुढच्या पत्रात लिही.

तुझी,
आत्या