बँकॉकच्या गल्लीतल्या मावशींना

मावशी,
सादर नमस्कार, वि. वि.

तुमच्या गल्लीत सगळे तुम्हाला ‘पा’ म्हणतात. आईची किंवा वडिलांची थोरली बहीण ती ‘पा’. मराठीत मावशी निराळी, आत्या निराळी. आम्ही मावशी घेतलं. पत्र मराठीत आणि उघड लिहितोय, म्हणजे तुमच्याकडच्या सुखुमवित रस्त्याच्या आसपास उतरणाऱ्या आपल्या माणसांनाही तुमच्यासारख्या दुकानात कसं जेवायचं ते कळेल.

दुकानाच्या पाटीवर ‘आहान ताम सांग’ लिहिलंय. थाई लिपीत पहिला शब्द ‘आहार’ असाच लिहितात, फक्त शेवटच्या ‘र’चा उच्चार ‘न’ होतो. ‘ताम सांग’ म्हणजे सांगाल तसं. योगायोगानं मराठी कानाला हा ‘सांग’ लगेच कळतो. सहा टेबलं, एक शेगडी, एक कढई, आणि एका वेळी एक किंवा फार तर दोन ताटांचा माल. चार माणसांनी चारही ताटं एकदम मागितली तरी तुम्ही ती दोन-दोन करूनच देता. कढईत जास्त माल पडला की ती थंडावते, मांस असो वा मशरूम त्याला पाणी सुटतं, आणि परतायच्या ऐवजी ते त्याच पाण्यात शिजतं. मग कितीही सॉस ओता, तो खरपूस वास येत नाही. आमच्या घरच्या गॅसवर हे जास्तच लागू आहे, कारण ज्योत तुमच्या निम्मीही नसते.

पहिले आभार तुमच्या ‘नाही’बद्दल. शाकाहारी माणूस मेनूवर हिरव्या करीकडे बोट दाखवतो आणि भाज्याच घाला म्हणतो. तुम्ही मान हलवता, कारण वाटणातच ‘कापी’ आहे, म्हणजे आंबवलेल्या सुक्या कोळंबीचा गोळा. तोम यम या आंबट-तिखट सूपलाही नाही, कारण त्यातल्या भाजक्या मिरचीच्या चटणीत बहुतेक वेळा सोडे असतात. सोम ताम या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीला तर ठाम नाही: सोडे आणि फिश सॉस वगळता येतील, पण तो मातीचा खल रोज आंबवलेल्या माशाच्या पाण्यानं मुरलेला असतो, धुऊन जात नाही. गिऱ्हाईक राखायला ‘हो हो’ म्हणणं सोपं होतं. तुम्ही म्हटलं नाहीत, आणि त्यामुळे जे ‘हो’ म्हणता त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येतो.

दुसरं, शब्द नेमके वापरायला तुम्ही शिकवलंत. ‘मांगसविरात’ हा शब्द मूळ मांस-विरतीच. तो वापरला तर मांस येत नाही, पण अंडं येऊ शकतं, आणि सवयीनं फिश सॉसही पडू शकतो. म्हणून पुढे ‘माय साय नाम प्ला’ म्हणजे फिश सॉस घालू नका, आणि हवं तर ‘माय साय खाय’ म्हणजे अंडं नको, हे जोडायचं. ‘जे’ म्हटलं तर गोष्ट कडक होते: मांस, मासे, अंडं, दूध सगळं बंद, शिवाय लसूण-कांदाही बंद. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं दिसली की ते दुकान ‘जे’चं. आपल्या जैन मंडळींना हे जवळचं वाटेल, पण ‘जे’च्या रश्शात मुळा बिनदिक्कत असतो, तेव्हा कंदमुळं वेगळी विचारावी लागतात.

आता कफ्रावबद्दल, कारण खरा ऋणभार तिथे आहे. फत कफ्राव म्हणजे परतलेली कफ्राव, आणि कफ्राव म्हणजे आपली तुळस, जातही तीच. मराठी घरात ती वृंदावनात, नैवेद्यावर आणि काढ्यात. कढईत तिला पाहून पहिल्यांदा सगळेच दचकतात. ज्यांना वृंदावनातली खुडायला मन होत नाही त्यांनी कुंडीत वेगळं रोप लावावं. इटालियन बेसिल घालून चालत नाही, तिला गोडसर बडीशेपेचा वास असतो आणि पदार्थच बदलतो. तुमच्या बाजारातली होरफाही त्याच कुळातली, गोड वासाची. ती करीत शोभते, इथे नाही.

तुम्ही टोफूचा फत कफ्राव करता तो असा, एका ताटाला. साधारण १५० ग्रॅम घट्ट टोफू फडक्यात पिळून हातानं चुरायचा. पाणी राहिलं तर कढईत लगदा होतो. लसणाच्या ४ बारीक पाकळ्या आणि ३-४ लवंगी मिरच्या खलात ठेचायच्या, भरड. मिक्सरला लावू नये: बारीक वाटण पाणी सोडतं, तळाशी धरतं आणि लसूण करपून कडू होतो. कढईतून धूर दिसू लागला की दीड मोठा चमचा तेल, त्यात ठेचा, १०-१५ सेकंद, नाकाला झोंबेपर्यंत. लगेच टोफू पसरायचा आणि मिनिटभर हात लावायचा नाही; इथे बहुतेकांचा धीर सुटतो. मग १ मोठा चमचा पातळ सोया सॉस, १ छोटा चमचा मशरूम सॉस, अर्धा छोटा चमचा गडद सोया, अर्धा चमचा साखर, आणि दोन चमचे पाणी, म्हणजे भातावर थोडा रस उतरतो. शेगडी बंद. त्यानंतरच मोठी मूठभर पानं, दोनदा उलटलं की ताटात. आचेवर टाकली तर पानं काळी पडतात आणि वास धुराबरोबर आढ्याला जातो. आपल्याकडची तुळस घेतली तर कोवळे शेंडे आणि निम्मीच मूठ, नाहीतर लवंगेसारखी जीभ बधिर होते.

चवळीच्या शेंगा घालाव्यात की नाही यावर तुमच्याकडे वाद होतात म्हणे. आम्ही तुमच्या बाजूचे: नकोत.

वासाबद्दल आणखी एक. गवती चहाची पात आम्ही चहात टाकतो आणि बुडखा फेकतो; तुम्ही नेमका खालचा पांढरा दांडा घेता. लिंबू आच बंद झाल्यावरच पिळायचं, हेही तुमच्याकडूनच पक्कं झालं. उकळलेला रस कडवट लागतो. करीला नारळाचं घट्ट दूध आधी तेल सुटेपर्यंत आटवायचं आणि वाटण त्या तेलात परतायचं, हेही तुम्हीच दाखवलंत. फक्त डब्यातलं दूध फुटू नये म्हणून त्यात बहुतेक वेळा काही मिसळलेलं असतं, मग ते कितीही आटवलं तरी तेल सोडत नाही. ताजा नारळ खवून काढलेलं घ्यावं, किंवा सरळ चमचाभर तेल घालावं.

येणाऱ्यांसाठी थोडं. साडेअकरा ते एक या वेळात कार्यालयांची गर्दी असते, तेव्हा खास फर्माईश करू नये; दोननंतर मावशींना बोलायला उसंत असते. चमचा उजव्या हातात, काटा फक्त भात सारायला. चॉपस्टिक भातासाठी मागू नयेत. टेबलावरच्या चार वाट्यांत मिरची घातलेला फिश सॉस, मिरचीचं व्हिनेगर, सुक्या मिरचीची पूड आणि साखर असते. साखर बघून नाक मुरडू नये, आमटीत गुळाचा खडा टाकणाऱ्यांनी तर नाहीच. मात्र शाकाहाऱ्यांनी पहिल्या वाटीचा चमचा दुसऱ्या वाटीत गेलेला नाही ना, ते पाहावं.

मावशी, आमच्यासाठी दरवेळी कढई पाण्यानं घासून पुन्हा तापवता, त्यात तुमची दोन-तीन मिनिटं जातात आणि मागे माणसं ताटकळत असतात. कुणी मागितलं नव्हतं तरी ते तुम्ही सुरू केलंत. त्या मिनिटांबद्दल मनापासून आभार.

खोप खुन खा, म्हणजे धन्यवाद.

आपली,
कोपऱ्यातल्या टेबलावरची मराठी गिऱ्हाइकं