पाचव्या घराबद्दल आभार

लॅबमधले दादा,
सप्रेम नमस्कार.

सी भाषेत शब्द कसा साठतो हे दाखवायला जर्नलच्या मागच्या पानावर तुम्ही पेन्सिलीने पाच घरं आखलीत. चार घरांत इंग्रजीतल्या बीडची चार अक्षरं, पाचव्यात शून्य. हे पत्र त्या पाचव्या घरासाठी.

चार अक्षरांना पाच घरांचा अ‍ॅरे का, याला आजवर एकच उत्तर होतं: नियम आहे, पाठ करा. स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, कुठं संपली हे ते शून्यच सांगतं. ते नसलं की छापणारा प्रिंटएफ शेजारच्या घरांत शिरतो आणि शून्य भेटेपर्यंत कचरा छापत सुटतो. वर चारचा अ‍ॅरे केला तरी सी भाषेला चालतो, शून्य तेवढं गुपचूप गळतं!

मग पहिल्या घराकडं बाण काढून तुम्ही, एका अक्षराच्या कॅरमध्ये दुहेरी अवतरणातला बी टाकल्यावर कंपाइलरनं (कोड मशीनच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रामनं) दिलेली वॉर्निंग मोठ्यानं वाचलीत: 'मेक्स इंटिजर फ्रॉम पॉइंटर विदाउट अ कास्ट'. म्हणजे कास्ट, अर्थात प्रकार बदलायचा हुकूम, न देताच पत्त्याचा आकडा केलाय. कॅर हासुद्धा इंटिजरच, हे तिथं उमगलं. एकेरी अवतरणातला कॅपिटल बी म्हणजे 66 हा आकडा. दुहेरीतला बी म्हणजे दोन घरं, आणि हातात येतो तो पहिल्या घराचा पत्ता. 64 बिटच्या मशीनवर तो पत्ता 8 बाइटचा. 1 बाइटच्या कॅरमध्ये कोंबला तर 7 बाइट सांडणारच.

'वॉर्निंगच आहे, एरर नाही, चालू द्या' म्हणणाऱ्यांनाही नमस्कार. कास्ट टाकून कंपाइलरचं तोंड दाबायला त्यांनीच शिकवलं. 2024 साली आलेल्या जीसीसी 14 या कंपाइलरपासून हीच चूक थेट एरर धरली जाते. आता द्या चालू.

इनपुट वाचणाऱ्या स्कॅनएफमध्ये अ‍ॅरेच्या नावाआधी अँपरसँड, म्हणजे पत्ता मागणारं चिन्ह, लावायची सवयही त्यांचीच देणगी. अख्खा अ‍ॅरे म्हणजे वाडा, एकेक घर म्हणजे खोली. वाड्याचा पत्ता आणि त्याच्या पहिल्या खोलीचा पत्ता आकड्यानं एकच, म्हणून चालून जातं. पण स्ट्रिंग वाचायला सांगणाऱ्या परसेंट-एसला खोलीचा पत्ता हवा असतो, वाड्याचा नव्हे. कंपाइलर तेवढंच कुरकुरतो.

लाईट दोनदा गेली, तरी पेन्सिल थांबली नाही, आणि कुणाच्याही प्रश्नाला तुम्ही हसला नाहीत. एवढा साधा माणूसपणाही हल्ली मागून मिळत नाही, दादा.

आता वॉर्निंग दाखवायला लावणारा डब्ल्यू-ऑल लावल्याशिवाय कुणी कंपाइल करत नाही. दोन स्ट्रिंग डबल इक्वलनं ताडल्या तर पत्तेच ताडले जातात, म्हणून तिथं अक्षरं ताडणारा स्ट्रकम्प आलाय. जुळल्यावर तो शून्य देतो, त्यावर मात्र बाकावर अजून भांडणं होतात. शुक्रवारी या.

तुमची,
बीडच्या लॅबमधली पोरं