विषय: साइडिंगमागे शिरलेलं पाणी, पायऱ्यांवरचं ॲसिड आणि तुमच्या ग्राहक सेवेची भाषा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आत्ताच तुमच्या माणसाने "तक्रार क्लोज करतो सर" म्हणून फोन ठेवला. तक्रार क्लोज झाली असेल, माझी भिंत अजून ओलीच आहे.

गंगापूर रोडवरच्या आमच्या बंगल्याच्या वरच्या मजल्याला फायबर सिमेंटचं साइडिंग आहे, म्हणजे भिंतीवर बाहेरून बसवलेल्या पट्ट्या. उत्तरेच्या बाजूला पावसाळ्यात शेवाळ धरतं, म्हणून दिवाळीआधी 'सॉफ्ट वॉश' बुक केला. पावतीवर तुम्हीच तसं छापलंय. आधी औषध मारायचं, ते मुरू द्यायचं आणि मग कमी दाबाने धुवायचं, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्या मुलांनी गाड्या धुवायचं प्रेशर मशीन लावलं, तेही खाली उभं राहून, गन वर रोखून. पट्ट्या एकीवर एक चढवलेल्या असतात, खालून मारलेलं पाणी थेट फटीतून मागे जातं. गेलंच. बेडरूममध्ये रंगाचे पोपडे सुटले, स्विचबोर्डातून पाणी ठिबकलं.

आता तुमच्या सेवेचा नमुना ऐका. मी हे सगळं सांगितल्यावर पलीकडचे साहेब म्हणाले, "काका, पाऊस पडतो तेव्हा पण पाणी लागतंच ना भिंतीला?" मी म्हटलं, पाऊस वरून खाली पडतो, नाशकात तरी. जरा वेळ शांतता. मग विचारतात, "घरात दुसरं कोणी आहे का बोलायला? म्हणजे ज्यांना टेक्निकल समजतं असं?" मी सिव्हिल इंजिनिअर म्हणून निवृत्त झालोय, हेही सांगितलं. त्यावर उत्तर काय, "हो काका, पण आता टेक्नॉलॉजी बदललीय." पाण्याची पण बदलली का? ते खालून वर पडायला लागलंय का? मी शांतपणे लिहायचं ठरवलं होतं, पण हे 'काका, काका' काही डोक्यातून जात नाही.

शिवाय पायऱ्या. हट्टी डाग म्हणून मुलांनी पायऱ्यांच्या कोटा फरशीवर ॲसिड ओतलं. कोटा चुनखडीचा दगड, ॲसिड पडलं की फसफसणारच. पॉलिश गेलं, पांढरे चट्टे राहिले. त्याच्या शेजारच्याच भिंतीवर ब्लीच मारलेलं होतं. दोन्ही एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, हे तुमच्या ट्रेनिंगमध्ये असेल अशी माझी समजूत होती. सौ. रात्रभर खोकत होत्या.

आणि पावतीवर 'सॉफ्ट वॉश' आहे, परत एकदा वाचा.

साडेनऊ हजार रुपये आगाऊ घेतलेत, ते परत करा. साइडिंग उघडून वाळवण्याचा, रंगाचा आणि पायऱ्यांना पुन्हा पॉलिश करण्याचा खर्चही द्या. आठ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार आणि पाठोपाठ नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि मला वेळच वेळ आहे. फोटो, पावती, व्हिडिओ सोबत जोडलेत. व्हिडिओत तुमच्या मुलाची गन वर रोखलेली स्पष्ट दिसते.

फोन करू नका. लेखी कळवा.

एक ग्राहक,
गंगापूर रोड, नाशिक