ट्यूबच्या आतला जोडही पाहावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या मोटारींचे वायरिंग नव्याने करताना तारांच्या प्रत्येक जोडावर हीट श्रिंक ट्यूब (तापवली की आकसणारी प्लास्टिकची नळी) चढवली की काम पक्के झाले, असा समज हौशी मंडळींत रूढ होत आहे. तो पुरता खरा नसल्याने हे पत्र.

टेपपेक्षा ही ट्यूब सरस आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझ्या गाडीच्या डॅशबोर्डामागचा एक जुना जोड मी उघडला, तेव्हा टेपचा गोंद उष्णतेने काळा आणि राळेसारखा चिकट झाला होता, टेप बाजूला सरकली होती आणि उघड्या पडलेल्या तांब्यावर हिरवट थर चढला होता. ट्यूब अशी सुटत नाही. तिचे प्लास्टिक कारखान्यात आधी किरणांच्या माऱ्याने आतून बांधले जाते आणि मग गरम करून फुगवले जाते. त्यामुळे पुन्हा उष्णता मिळाली की ते आपल्या मूळ आकाराकडे परतते आणि तारेला आवळते. दोनास एक प्रमाणाची 6 मिलिमीटरची ट्यूब साधारण 3 मिलिमीटरपर्यंत आकसते, म्हणून तार त्याहून बारीक असेल तर ती ट्यूब कितीही तापवली तरी सैलच राहणार.

मात्र ट्यूब हे आवरण आहे. जोडाची ताकद तिच्यातून येत नाही. जोड सोल्डरने, म्हणजे वितळवलेल्या मऊ धातूने, केला तर ते सोल्डर तारेच्या पेडांत आत शिरते आणि तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. गाडीच्या सततच्या हादऱ्यांनी तार नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते, आणि वरची ट्यूब शाबूत असल्याने दोष शोधताना माणूस तिथे पाहतच नाही. म्हणून योग्य मापाच्या हत्याराने केलेले क्रिम्पिंग, म्हणजे तारांवर धातूची नळी दाबून केलेला जोड, मला अधिक भरवशाचे वाटते. सोल्डरच करायचे असेल, तर जोडाच्या दोन्ही अंगांना तार क्लिपने बांधून घ्यावी. तारा जोडण्यापूर्वीच ट्यूब तारेवर ओवावी (हे विसरून केलेला जोड पुन्हा तोडण्याची वेळ माझ्यावर एकदा नव्हे, अनेकदा आली आहे) आणि ती लांब सरकवून ठेवावी, नाहीतर सोल्डरच्या उष्णतेने ती वाटेतच आकसून बसते.

लायटरने ट्यूब तापवण्याची सवय तर सोडलेलीच बरी. ज्योतीने एक बाजू करपते, दुसरी कच्ची राहते, आणि शेजारी पेट्रोलची नळी किंवा रबरी आवरणाच्या जुन्या तारा असतील तर धोका वेगळा सांगायला नको. हीट गनने (गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने) मधून कडांकडे तापवत जावे. बॉनेटखाली आणि मडगार्डजवळ, जिथे पाणी पोहोचते, तिथे आतून गोंदाचा थर असलेली ट्यूब वापरावी. दोन्ही टोकांना गोंदाची बारीक कड बाहेर आलेली दिसली की ती नीट बसली असे समजावे.

संपूर्ण हार्नेस, म्हणजे गाडीतल्या तारांचा जुडगा, काळ्या ट्यूबमध्ये कोंबण्याचा प्रकारही मला पटत नाही. जुन्या ब्रिटिश गाड्यांत तपकिरी तार थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची आणि काळी अर्थिंगची, अशी रंगांची ठरलेली भाषा असते. ती झाकली गेली की पुढच्या दुरुस्तीला प्रत्येक तार मीटर लावूनच ओळखावी लागते. जोडापुरती पारदर्शक ट्यूब घेतली, तर रंगही दिसतो आणि आतला जोडही.

आपला,
एक वाचक