पेटीतला आंबा आणि परसातला आंबा: सुहासला पत्र

राजापूर,
१८ मे

प्रिय सुहास,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोनवर बोलून भागलं असतं, पण या विषयावर घरात मला कोणी पुरतं बोलू देत नाही, म्हणून कागदच घेतला.

एप्रिलच्या सुरुवातीला चढ्या भावाने हापूसची पेटी आणलीस. आंबे वरून केशरी, हाताला मऊ आणि चवीला नुसतं गोडसर पाणी. त्यावरून तू निकाल देऊन टाकलास की हापूस बिघडला, आणि खरा आंबा आता फक्त आमच्यासारख्यांच्या परसातच उरला. मला हे अर्धंच पटतं. कुठलं अर्धं, ते ऐक.

आधी तुझ्या विरुद्ध बोलतो. हापूसपुरतं बोलायचं तर चांगल्या बागायतदाराचा मे महिन्यातला आंबा आणि आमच्या परसातला आंबा यांत फारसा फरक नसतो. डोळे बांधून दिलास तर मलाही सांगता येणार नाही. तुला वाटतं, आम्ही झाडावर पिकलेला आंबा खातो. हापूस असा खातच नाहीत रे. झाडावर पूर्ण पिकू दिला तर फळमाशी तरी लागते, नाहीतर आत साका धरतो. साका म्हणजे बाठ्याजवळचा तो पांढरट, स्पंजासारखा भाग. वरून आंबा सुंदर दिसतो आणि कापला की जीव जळतो. फळ जितकं उशिरा उतरवावं तितका साक्याचा धोका जास्त. त्यामुळे पाड लागायची, म्हणजे झाडावर पहिली फळं पिकायला लागायची, वाट बघणाऱ्या आमच्यासारख्या हौशी लोकांच्या हापूसात साका बाजारापेक्षा जास्त निघतो, कमी नाही. हे आमच्याकडे कोणी मोठ्याने बोलत नाही, तूही कुठे बोलू नकोस.

जाणता बागायतदार चौदा आणे (पूर्ण तयार म्हणजे सोळा आणे) तयार झालेला आंबा काढतो. म्हणजे काय, तर देठाजवळचे खांदे वर येतात, देठ खळग्यात बसल्यासारखा दिसतो आणि गडद हिरवा रंग उतरून पोपटी होतो. मग झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, थोडा देठ ठेवून, अलगद काढायचा. देठ मुळातून तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि तिथे काळे डाग पडतात. उन्हात टाकायचा नाही, लगेच सावलीत न्यायचा. मग भाताच्या पेंढ्यात आढी घालायची, म्हणजे आंबे पिकत मांडून ठेवायचे, आणि आठ-दहा दिवस थांबायचं. आंब्याने झाडावर साठवलेल्या पिष्टाची साखर होते, आंबटपणा उतरतो आणि वास सुटतो, ते सगळं आढीत होतं. तुझी पेटी फसली ती इथे. मार्चअखेर आणि एप्रिलच्या सुरुवातीला भाव असा असतो की बारा आणेसुद्धा न भरलेलं फळ उतरवायचा मोह होतो. ज्या फळात पिष्टच पुरेसं साठलं नाही, त्याची साखर कुठून होणार? ते मऊ होईल, पिवळं होईल, पण आंबा होणार नाही.

त्यातून घाईने पिकवलेलं असेल तर विचारूच नकोस. कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे. तरी पुडी टाकून दोन-तीन दिवसांत रंग आणणारे आहेतच. त्यातून निघणाऱ्या वायूने साल रंगते, गर मागे राहतो. इथिलीनची गोष्ट वेगळी. तो वायू फळ स्वतःच सोडतं आणि पिकवणीच्या खोलीत ठरलेल्या प्रमाणात वापरायला परवानगी आहे. तयार फळाला इथिलीन दिला तर मी तक्रार करणार नाही, फक्त कोवळ्या फळाला त्याने चव येत नाही. आणि हो, तू पेटी घरी आणून थेट फ्रिजमध्ये ठेवली असशील. न पिकलेला आंबा थंडीत ठेवला की पिकायची क्रियाच अडखळते आणि साल करपल्यासारखी होते. तेव्हा सगळा दोष दुकानदाराच्या माथी मारू नकोस. कर्नाटकातला हापूस रत्नागिरीच्या नावाच्या खोक्यात घालून विकतात, ही वेगळीच रड. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पण खोक्यावर काय छापायचं हे छापणाराच ठरवतो.

वासाचं सांगतो, कारण चव म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो त्यातलं बरंचसं नाकाचं असतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या गंधावर बरंच काम झालं आहे. तुझ्या घरापासून किती लांब आहे ती? कच्च्या हापूसात जोर असतो तो टर्पीन जातीच्या द्रव्यांचा, म्हणजे कैरी चिरली की येतो तो हिरवा, झोंबरा वास. लॅक्टोन आणि फ्युरॅनोन ही गंधद्रव्यं पिकताना तयार होतात, आणि हापूस ओळखू येतो तो त्यांच्यामुळे. म्हणून पेटी घेताना रंग बघू नकोस, नाक लाव. देठाजवळ वास नसेल तर कितीही केशरी असो, ठेवून दे परत.

आता माझी बाजू. तू आजवर ज्याची तुलना करत आलास ती हापूसची हापूसशी. पण परसाचा खरा माज हापूसात नाहीच. तो आहे पायरी या जातीत आणि रायवळात, म्हणजे कोयीपासून उगवलेल्या गावठी आंब्यात, आणि तिथे बाजार आमच्या आसपासही येऊ शकत नाही.

पायरीचं दुखणं म्हणजे तिची नाजूक साल. पिकते भराभर, आणि पिकली की दोन-चार दिवसांत खाल्लीच पाहिजे. व्यापाऱ्याला हे परवडत नाही. तो ती हापूसपेक्षाही कच्ची उतरवतो. पायरीत मुळातच आंबट आहे, आणि ते आंबट गोडात मुरायला वेळ लागतो. कच्ची उतरवलेली पायरी म्हणजे नुसती आंबट-गुळचट. आम्ही मात्र पाड लागला की उतरवतो. खांद्यावर तांबूस झाक आलेली, चोचीकडे अजून हिरवट असलेली पायरी आढीतून चौथ्या-पाचव्या दिवशी काढावी आणि हाताने पिळून रस काढावा. मिक्सर नको. हापूसचा रस घट्ट, पण दुसऱ्या वाटीला जीभ कंटाळते. पायरीच्या रसाला ते आंबटाचं टोक असतं, म्हणून पोळ्या संपतात. पुण्यात तुम्ही नुसत्या हापूसचा रस काढता, वर त्यात साखर घालता, हे मला कधी समजलं नाही.

रायवळाचं तर बोलूच नये इतकं आहे. हापूस कलमाने वाढतो, म्हणून सगळीकडे तोच. रायवळ कोयीपासून येतो आणि प्रत्येक झाड आपल्या मर्जीचं निघतं. आमच्या परसातल्या एका झाडाच्या फळाला शेपूचा वास आहे, तो शेप्या. वरच्या बांधावरचा खोबऱ्या, त्याचा गर पांढुरका आणि चवीला खरोखर ओल्या खोबऱ्याकडे झुकणारा. विहिरीजवळचा साखऱ्या लहान मुलाच्या मुठीएवढा, आणि इतका गोड की मुंग्या आमच्या आधी पोचतात. सगळ्यांना दोरे भरपूर. कापून खायची सोयच नाही, माचवायचा, म्हणजे हाताने दाबून मऊ करायचा, देठाकडून चीक काढून टाकायचा आणि चोखायचा. दातांत अडकतं, कोपरापर्यंत ओघळ येतात. कोण विकत घेणार असलं फळ? आकार एकसारखा नाही, रंग धड नाही, आणि फांद्या इतक्या उंच की निम्मा आंबा जमिनीवर पडलेलाच मिळतो. म्हणून पेटीत तो कधी येत नाही आणि तुझ्या मुलांना तो आंबा आहे हेच ठाऊक नाही. गंमत म्हणजे ज्या हापूससाठी तू पैसे मोजतोस, त्याचं कलम बांधलं जातं ते रायवळाच्या कोयीतून उगवलेल्या रोपावर. आणि लाकडासाठी पहिली करवत चालते तीही रायवळावरच. गेल्या काही वर्षांत आमच्या वाडीतली जुनी झाडं एकामागून एक गेली, त्यांच्या चवीही गेल्या. त्या पुन्हा लावता येत नाहीत, कारण कोय रुजवली तरी तेच झाड येईल याची खात्री नाही, आणि कलमासाठी त्या झाडांची डोळकाडी, म्हणजे डोळे असलेली फांदी, जपून ठेवायचं कुणाला सुचलं नाही.

सासव आठवतं तुला? आईने केलेलं, सोललेले रायवळ अख्खे, त्यात ओलं खोबरं, मोहरी आणि गूळ. तू दोनदा मागून घेतलं होतंस आणि मग लाजला होतास. ते हापूसचं करून बघ, चिखल होतो. आंबापोळीचंही तसंच, रायवळाच्या रसाची घातली तरच चघळावीशी वाटते.

सगळं जुनंच चांगलं, असं मात्र मी म्हणत नाही. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने १९८१ साली नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना काढला. त्याचं एक कलम मी लावलं आहे. दरवर्षी धरतो, साका नाही, दोरा नाही, फळ हापूसपेक्षा मोठं. वास हापूसपेक्षा थोडा उणा, पण ज्या वर्षी हापूस रुसतो त्या वर्षी घराची लाज तोच राखतो. आमची म्हापशाची आत्या मात्र हे सगळं ऐकून हसते. तिच्या लेखी गोव्याचा मानकुराद आंबा सोडून बाकी सगळी लोणच्याची फळं.

असो. उद्याच्या एसटीने पायरीची एक पेटी पाठवतोय, वर थोडे रत्ना आहेत. पेटी आल्याबरोबर उघड, आंबे जमिनीवर पेंढ्यात किंवा वर्तमानपत्रावर एकेक सुटे मांड, एकावर एक रचू नकोस. फ्रिजच्या वाटेला जायचं नाही. रोज सकाळी हात लावून बघ, पायरी आधी होईल. एखादा डागाळला तर लगेच बाजूला कर.

रायवळ पाठवता येत नाही, वाटेतच त्याचा रस होईल. त्यासाठी पोरांना घेऊन तुलाच यावं लागेल, आणि पाऊस लागायच्या आत. एकदा पावसाचं पाणी झाडावर पडलं की चव उतरते आणि फळात अळ्याही होतात. जुने कपडे आणा.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दिगू